पूर्वानुभव

रात्री अडीचची पाळी. अदिस अबाबात बाहेर गारठा.
आत, सहा पायांवर डुलणाऱ्या डब्यात
मी पडद्यावर अटलांटिक पसरतो
आणि डावं इंजिन बंद पाडतो.
हेच माझं काम. अकरा वर्षं
लोकांची इंजिनं बंद पाडतोय, पगार घेऊन.

बहुतेकांचे हात आधी धावतात.
एकानं तर चालू होतं तेच इंजिन मारलं;
आम्ही दोघं समुद्रात गेलो,
मग कॉफी प्यायलो.

वर्कनेशनं हात मांडीखाली घेतले.
घंटा वाजतेय, दिवा लाल,
नाक डावीकडे ओढतंय,
तिनं ते नुसत्या पायानं सरळ धरलं.
एक, दोन, तीन, चार.
मग यादी मागितली,
जेवताना मीठ मागावं तशी.
जवळची धावपट्टी: दोन तास चाळीस मिनिटं.

कुठं शिकलीस?
म्हणाली, वडील जिबूतीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे.
उतारावर टायर फुटला की
ब्रेकला पाय लावायचे नाहीत.
मला म्हणायचे, रडू नको गं,
गाडी काय म्हणते ते ऐकू दे.

'पूर्वानुभव' या रकान्यात
तिनं लिहिले होते एक हजार नऊशे तास.
मी पेन्सिलीनं, अगदी फिकट,
त्यात ट्रकचे मिळवले.