मुलासाठी घेताय का?

मी हो म्हणालो.
कॅनडा कॉर्नरच्या दुकानात, काउंटरशी उभा
चव्वेचाळीस वर्षांचा माणूस दुसरं काय म्हणणार.
शर्टाला अजून कूलंटचा वास,
खिशात पतपेढीतून काढलेले अठ्ठावीस हजार,
रबर बँडात.

सुफियान (नाव गळ्यातल्या कार्डावर)
म्हणाला, काय खेळतो मुलगा?
ट्रक चालवतो, मी म्हणालो. लांबच्या रस्त्यांवर.
कधी कधी शर्यतीच्या गाड्या.
गोळीबार नाही आवडत त्याला.

काचेखाली दोन डबे.
एक आठ कोअरचा, चोवीस हजारांचा,
वर असा काही उजेड छापलेला
की आत एखादं लग्न चालू असावं.
दुसरा सहा कोअरचा, मागच्या पिढीचा,
अकरा हजार दोनशे, पंखा सोबत.
मी अर्थातच पहिल्याला हात लावला.

मॉनिटर कुठला आहे, काका? कार्ड कुठलं?
मी सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.
म्हणाला, हा घेतलात तर हा नुसता बसून राहील.
कार्डाला चित्र काढायला जमेल तेवढंच जमेल
आणि हा इकडे फुकट पगार खाईल.

विकणाऱ्याने स्वस्तातलं दाखवलं की मला आधी शंका येते.
पण हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.
सातपूरला आमच्या लाइनीवर
जपानी मशीन आणलं, नारळ फोडला, पेढे वाटले.
दर अडतीस सेकंदाला एक नग.
आणि पुढे वॉशिंगला एकटे गांगुर्डे,
मिनिटाला एक.
महिनाभर ट्रेवर ट्रे साचत गेले.
मोठे साहेब यायचे, मशीनभोवती फिरून जायचे.
गांगुर्ड्यांकडे कुणी बघितलं नाही.

तर सहा.

उरलेल्या पैशांत पॉवर सप्लाय चांगला घ्या,
मेमरीची एक पट्टी नको, दोन.
सिडकोत राहता ना? लाइट लपलप करते तुमच्याकडे.

बिल फाडताना, मान वर न करता, म्हणाला,
मुलाला सांगा, तीन-चार वर्षांनी मोठा टाकायचा झाला
तर बोर्ड हाच चालेल.
सांगतो, मी म्हणालो,
त्याला दुसरी पाळी सुटल्यावरच वेळ मिळतो.

जीभ चावली, पण शब्द काउंटरवर पडून गेला होता.

सुफियानने स्टेपलर दाबला.
बिलाच्या मागे नंबर लिहिला.
रात्री काही अडलं तर फोन करा, काका.
मीही जागाच असतो.

रविवारी ऋजुताने टॉर्च धरला.
तिला खेळात रस नाही, उघड्या वस्तूंत आहे.
कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण
बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला.
वीस वर्षं मायक्रॉनमध्ये मोजतोय मी,
तरी दांडी खाली दाबताना जो कर्र आवाज झाला
त्याने पोटात गोळा आला.
पेस्ट किती लावायची?
तुरीच्या दाण्याएवढी.
ओल्या की वाळलेल्या, तिने विचारलं,
आणि आम्ही दोघं त्यावर
पाच मिनिटं गंभीरपणे बोललो.

आता रात्री सव्वा वाजता
बूट दाराशी काढून, भाकरी गरम न करताच खाऊन,
मी ट्रक बाहेर काढतो.
कुठल्याशा थंड देशातला रस्ता, दुतर्फा बर्फ,
मागे बावीस टन चीज.
फ्रेम साठच्या साठ. कुठे अडखळत नाही.
कोपऱ्यात आकडा: प्रोसेसर, एक्केचाळीस टक्के.
सहातलेही काही बसूनच आहेत म्हणजे.
असू देत.

आतून ही विचारते, कुठवर आलात?
मी पाटी वाचायचा प्रयत्न करतो. जमत नाही.
अजून दोनशे दहा किलोमीटर, म्हणतो.

मग मी झोपते, म्हणते ती.
दिवा तेवढा बंद करा पोचल्यावर.