ओला गिलावा

तिसऱ्या प्रकरणात तो भिंतीसमोर उभा आहे
अकरा महिन्यांपासून.
फ्लॉरेन्सच्या गल्ल्या मला पाठ,
पण गिलावा किती वेळ ओला राहतो
हे कुठल्याच पुस्तकात धड नाही.

वणीहून एसटीनं राजूरला गेलो.
चुन्याच्या भट्टीवर जंगूबाई आत्राम:
"कोन्या गावचा पेंटर हाये तुमचा?"
लांबचा, म्हटलं. मेला पाचशे वर्षांपूर्वी.
"मंग कायची घाई?"

कळीवर पाणी सोडलं. हौद रटरटला.
मग भिंतीवर थापून, अंगठा दाबून म्हणाली,
"ठसा उमटते तवर रंग पेते.
मंग नाई पेत."

तिच्या नखांभोवतीच्या भेगा
वहीत टिपल्या नाहीत, लाज वाटली.

रात्री त्यानं हात उचलला.
भेगा त्याच.
गिलावा अजून ओला होता,
मी घाईघाईनं लिहीत सुटलो.