हिरवं लोखंड

ताळगावच्या पठारावर, नायट्रोजनच्या नळीखाली
कुपीत वाटाणाभर काळपट हिरवं काहीतरी.
मेथॅनॉलने जरा ओलं ठेवलंय;
कोरडं पडून हवा लागली, तर आपसूक पेटायचं.
लोखंडच आहे, मी आईला सांगितलं.
ती म्हणाली, लोखंड कधी हिरवं असतं गो?

तीन अणूंचा त्रिकोण,
भोवती बारा कार्बन मोनॉक्साइड.
त्यातले दोघे एकाच बाजूला
दोन अणूंवर एकेक पाय टाकून उभे,
म्हणून ती बाजू किंचित आखूड.
स्फटिकात हे सगळं शिस्तीत दिसतं.

हेक्झेनमध्ये विरघळलं
की देवळामागच्या तळीसारखं गडद,
आणि मग कोणी जागेवर राहत नाही.
बारा जण इतक्या घाईने जागा बदलतात
की यंत्राला एकच रेघ दिसते.
उणे शंभरच्याही खाली नेऊन पाहिलं.
रेघ एकच.
ब्रागांझा सर म्हणाले, जत्रेत हरवलेली पोरं,
हाका मारू नकोस, दमशील.

अर्जात रकाना आहे: उपयोग.
लिहिते, नायट्रो गटातला ऑक्सिजन काढून घेतं,
हाती अमाइन येतं, रंगांचा, औषधांचा कच्चा माल.
लिहिते, तापवलं की वायू सोडून देतं,
मागे लोखंडाची भुकटी.

बाबा बार्जवर होते,
डिचोलीचं खनिज मुरगावला न्यायचे.
नांगर टाकलेली रात्र, बंद केबिन,
पलीकडे जनरेटर.
सकाळी रुझारने दार फोडलं.
गाल गुलाबी होते.
सगळे म्हणाले, झोपलाय असंच वाटतं,
आणि आई तासभर त्यांना उठवत राहिली.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं तो रंग कशाचा.
रक्तातलं लोखंड, एकेकटं,
ह्याच वायूला असं कवटाळतं
की श्वासाला बसायला जागा उरत नाही.

परवा वाचलं: असेच काही रेणू,
वायू थेंबाथेंबाने सोडणारे,
सुजेवर औषध म्हणून तपासतायत.
एरवी मी अशा ओळीखाली पेन्सिल फिरवते.

आज कुपी धुताना
गाळणकागदावर एक डाग राहून गेला.
धूर नाही, ठिणगी नाही.
सहाला निघताना पाहिला, तर तांबूस,
बाबांच्या शर्टाच्या कॉलरीवरचा,
जो आई बार साबण घासून घासून
शेवटी तसाच वाळत घालायची.