पालकाची सही

संयूनं निबंध लिहिला, माझे वडील.
म्हणजे तिनं फोनला सांगितलं, फोननं लिहिला,
आणि तिनं वहीत उतरवला,
समास सोडून, ठसठशीत अक्षरात.

'माझे वडील सूर्योदयापूर्वी उठतात.
ते आमच्या घराचे वटवृक्ष आहेत.
रोज रात्री ते मला गोष्ट सांगतात.'

खाली ठिपके. पालकाची सही.

मी वाचला चहाबरोबर, साडेदहा वाजता.
सेकंड शिफ्टचा माणूस सूर्योदय बघत नाही.
एकही चूक नव्हती, वेलांटीचीसुद्धा.
वाटलं, शेजारच्या कुणाचा तरी बाप असावा,
चांगला माणूस, पगारही बरा असावा.

शिरोलीत आम्ही लोखंड ओततो.
माल गार झाला, वाळू झाडली, की
मी एकेकाला हातोडीनं हलकेच ठोकतो.
चांगला असेल तर बोलतो, टण्ण, लांबपर्यंत.
आत चीर असली की बद्द.
वरनं दोन्ही सारखेच,
उलट बद्दवालाच कधीकधी जास्त गुळगुळीत.

हे तिला सांगायचं असं ठरवून
सोमवारी, माझ्या सुट्टीला, शाळा सुटल्यावर
गंगावेशीत दूध प्यायला नेलं.
म्हैस समोर, धार थेट ग्लासात.
तिनं आधी फोटो काढला, मग प्याली,
तोवर फेस बसला होता.
मी त्यावर बोलणारच होतो
तेवढ्यात माझाच फोन वाजला,
सुपरवायझर, दहा मिनिटं.

परत आलो तर पोरगी वहीच्या पुठ्ठ्यानं
म्हशीच्या पाठीवरच्या माश्या हाकत होती.
"मघापासनं शेपूट मारालीया ती,
पोचतच नाही तिथं."
माझं भाषण ग्लासाच्या तळाला राहिलं.

रंकाळ्याच्या कडेनं येताना
शेवटी सांगितलं टण्ण आणि बद्द.
तिला आवडलं. घराच्या चावीनं
ती एकेक खांब वाजवत चालली.
"बद्द आला की काय करता?"
"फोडून परत भट्टीत."
"नेहमी?"

पोरं असा एकच शब्द विचारतात.

नेहमी म्हणता आलं असतं.
पण दिवाळीच्या आधी, ट्रक दारात,
मालक घड्याळ बघत उभे,
आणि एका नगाला बोटाएवढं भोक.
मी लांबी भरली. घासली. वर रंग मारला.

"मग ते कुठं गेलं?"
"ट्रॅक्टरच्या कारखान्यात."
"आणि ट्रॅक्टर?"
"काय माहीत. असंल कुठल्यातरी शेतात."

घरापर्यंत तिनं खांब वाजवले नाहीत.

रात्री पान फाडल्याचा आवाज आला.
मंगळवारी मी सहाला जागा झालो, कसा कोण जाणे,
सूर्य उगवायचा होता,
म्हणजे फोनचं एक वाक्य तरी खरं झालं.
वही टेबलावर उघडी.

'माझे वडील दहा वाजता उठतात.
त्यांच्या केसात काळी वाळू असते, ऊशीवर पण पडते.
ते जेवताना फोन बघतात आणि मला बघू नको म्हणतात.
त्यांना लोखंडाचा आवाज कळतो.
एकदा त्यांनी भोक बूजवलं.
ते त्यांनी मला स्वताहून सांगीतलं.'

ही म्हणाली, "तेवढं भोकाचं काढ की गं,
बाई काय म्हणतील?"
संयू दप्तरात डबा कोंबत होती,
वर न बघता म्हणाली, "पप्पांना विचार."

खाली रिक्षावाला हॉर्न मारायला लागला.
पेन उठेना. तळहातावर गिरवून बघितलं.
मग ठिपक्यांवर सही केली,
नेहमीचा फराटा नव्हे, आख्खं नाव,
सर्जेराव बापू खोत,
बँकेत कर्जाला करतो तशी.

वही घेऊन ती पळाली.
जिन्याचा कठडा चावीनं वाजवत खाली गेली.
दुसऱ्या मजल्यावर एक गज बद्द वाजला.
थांबली.
परत वाजवून बघितला.