पंचवीसचा कट्टा

सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर
मॅडमनी विचारलं, शुक्रवारनंतर काय येतं?
अंबादास म्हणाला, पगार.
मला हसू आलं. बरोबरच होतं की,
आमच्या नायनांना कारखान्यातून शनिवारीच पाकीट मिळायचं.
मॅडमनी रकान्यात फुली मारली.

मग डझनात किती केळी.
मग काड्या जुळवून चौकोन कर.
त्यानं काड्या गोळा केल्या,
एका बाजूनं टेबलावर सारख्या ठोकल्या
आणि बांधायला दोरा मागितला.

वय सव्वीस. उंची माझ्या खांद्याला.
फॉर्मवर एक ओळ होती:
अपंगत्व जन्मतः, की अपघाताने?
मी पेन धरून बसले.

जन्मला तेव्हा चांगला रडला होता, अम्मा सांगते,
गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेला.
अपघात म्हणावा तर
कुठली गाडी, कुठला जिना?
काही पडलं नाही. काही फुटलं नाही.
फक्त त्या वर्षी टॉवेलचे माग बंद होते
आणि हजार विड्या झाल्याशिवाय अम्मा उठत नव्हती.
मांडीवर सूप, सुपात पानं,
सुपाच्या कडेला तो,
पातळ चहात बुडवलेला टोस्ट चोखत.

झोपायचा फार.
शेजारणी म्हणायच्या, किती गुणाचं लेकरू,
त्रास म्हणून नाही.
आम्हीही तेच म्हणायचो.

अंगणवाडीतून त्याच्या नावानं पाकीट यायचं,
गोड पिठाचं, वर हसऱ्या बाळाचं चित्र.
ताई बजावायच्या, हे फक्त ह्याचं.
दंडाला पट्टी लावायच्या, लाल यायची.
रजिस्टरात टिंब द्यायच्या,
टिंबं जोडणारी रेघ चढायचीच नाही.
पाकीट घरी आलं की पाच वाट्या व्हायच्या.
मी सहा वर्षांची.
माझी वाटी बोटानं पुसून खायचे,
मग त्याची राहिलेली.
राहिलेली म्हणजे
तो झोपलेला असायचा.

नायना म्हणतात, ताण्यात सुरुवातीलाच धागे कमी पडले
तर ती फट ताग्याच्या टोकापर्यंत जाते,
मग बाण्यात कितीही सूत घाल.
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस, त्यांना ठाऊक.
पण नायना, सेकंड माल निम्म्या किमतीत तरी उचलतात.
आणि हा टॉवेल नाही.
ह्याला अंधाराची भीती वाटते.
ह्याला शेंगाचटणी झोंबते, तरी हवी असते.
चौथीत तिसऱ्यांदा बसवलं तेव्हा
शाळेच्या मागं जाऊन
कपाळावर तळहात मारून घ्यायचा,
बंद पडलेल्या रेडिओला आम्ही मारायचो तसा.

मी बी.कॉम. झाले.
पतसंस्थेत हिशेब लिहिते, पैशाची चूक होत नाही.
लोक म्हणतात, पोरीचं डोकं चांगलंय.
कुणाच्या पिठावर, ते विचारत नाहीत.

दोन चौकोनांच्या मधल्या
पांढऱ्या जागेत मी खूण केली.
क्लार्क म्हणाला, ओ ताई, चौकोनात करा.
केली.
पंचावन्न टक्के आले.

संध्याकाळी विडी घरकुलात, ओट्यावर,
अम्मा वळते, तो कट्टे बांधतो.
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू,
अकरापर्यंत जातो, मग पुन्हा मूडू.
म्हणून मोजतच नाही.
मुठीत धरतो, जरा हलवतो,
मूठ भरली की पंचवीस.
बहुतेकदा असतातच.

आजच्या कट्ट्यात चोवीस होत्या.
अक्का, बघ, म्हणाला, सगळे दात दाखवून.
मी म्हटलं, बराबर.
आणि त्याची पाठ वळल्यावर
अम्माच्या सुपातली एक उचलून
दोऱ्याखाली सरकवली.