नुकसानीचं कारण

बिसन अवथळ्यांनी मारवेलचा ठोंब आणला
धोतराच्या सोग्यात बांधून,
ओल टिकावी म्हणून वरून शेण थापलेलं.
"भुऱ्या टेकडीमांगं येवढंच उरलं, माय.
बाकी सारं रायमुनियानं गिळलं."
मी रजिस्टरात लिहिलं: ठोंब एक. आणणारा गवळी.

मग नळाखाली अर्धा तास.
साबण, ब्लीच,
आणि ते पाणी ज्याला हातमोजे लागतात.
काचेच्या कपाटात ब्लेड लाल करून, निववून
पेराजवळचा डोळा काढला,
ज्वारीच्या दाण्याएवढा.

कारंज्याच्या कृषी केंद्रात
तणनाशकाच्या डब्यावर जे नाव असतं
तेच औषध इथे जेलीत जातं,
मोहरीच्या टोकाहून कमी.
तेवढ्यानं डोळा विसरतो आपण डोळा आहोत ते,
साबुदाण्यासारखा फुगतो,
मग कुठूनही पान काढतो.

चाळीस बाटल्या भरल्या होत्या.
आठव्या दिवशी सदतीसमध्ये बुरशी,
काळी, हिरवी, एकीत चक्क गुलाबी.
मॅडम म्हणाल्या, ते शेण.
मी सगळ्या उकळून नालीत ओतल्या
आणि बिसनबाबाला फोन केला, तीनच उरल्या.
पलीकडे गाई हंबरत होत्या.
"तीन म्हंजे कळप झाला," म्हणाले.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस, आत पंचवीस.
लाइन गेली की मी आणि चौकीदार देवाजी
ओली पोती घेऊन खिडक्यांकडे धावायचो.
लेकरू घरी तापलेलं असताना
मी इथे गवताला थंड ठेवत होते,
हे सासूला समजावता आलं नाही.

तिनाचे नऊ झाले, नवाचे साठ,
मग मोजणं रजिस्टरावर सोडलं.

हिरव्या जाळीखाली आणली तशी
तासाभरात माना टाकल्या.
पानांना तोंडं असतात, बारीक, डोळ्याला न दिसणारी.
बाटलीत सदा दमट,
ती मिटायची वेळच कधी आली नव्हती.
वारा लागला
आणि उघड्या तोंडांनी सगळं पाणी सांडून बसली.

मग प्लास्टिकचे ग्लास उपडे घातले त्यांच्यावर.
रोज बोटभर उचलायचे,
दुसऱ्या दिवशी दोन बोटं.
मिटायला शिकवणं मला जमतं.
उघडायला मी इथे आल्यावर शिकले.

भादव्यात बिसनबाबा मैनाला घेऊन आले,
पांढरी, गवळाऊ, डाव्या शिंगाला वाक.
ट्रे पुढे केला. तिनं खूप वेळ हुंगलं,
फुस्स केलं
आणि माझा हात चाटला, घामाचा.
"गाय नाकानं वाचते," बाबा म्हणाले,
"अन् हे अजून कोरं हाय.
मातीत राहू दे थोडे दिवस."

कार्तिकात मोजणी झाली.
दोनशे अकरा रोपं, एक वाफा कमी.
नुकसानीचं कारण या रकान्यात मी लिहिलं: गाय.
मॅडमनी लाल पेनानं गोल केला, तपशील द्यावा.

खाली जागा थोडीच होती. लिहिलं:
मैना. कुंपण ढकलून आली.
मुळं सोडून खाल्लं.