आधी हवा, मग रंग

जानेवारीत पिएलिनेन तळ्याकाठी
दुपारी अडीचलाच दिवा लावावा लागतो.
शेडमध्ये हेल्वीमावशी स्टुलावर,
दोन्ही हात कोटाच्या खिशात,
आणि मला सांगते: दाब.

दाबलं की नुसती हवा.
मागे ओढलं की रंग.
थांबताना उलटं, आधी रंग मिटवायचा,
हवा चालू ठेवायची अजून दोन श्वास,
म्हणजे टोकाशी थेंब उरत नाही.
उरलेला थेंब, ती म्हणते,
पुढच्या माशाच्या तोंडावर थुंकतो.

मासे लाकडाचे, बोटभर लांब,
तारेला टांगलेले एकोणचाळीस
(चाळिसावा मांजरीने नेला).
मे महिन्यात बर्फ फुटायच्या आत
त्यांच्या पाठीवर असे पट्टे यायला हवेत
की आहवेन त्यांना भाऊबंद समजेल
आणि सुसरीच्या तोंडाचा हाउकी
जेवण.

हिरवा संपला, आता पोटाचा नारिंगी.
मधे धुणं.
मावशीच्या मते रंगवणं कुणालाही येतं,
धुणं शिकायला घर लागतं, म्हणजे
ज्याची फरशी पुसावी लागते असं घर.

उरलेला रंग आधी बाटलीत.
कप बोळ्याने पुसून घे.
थिनर चार थेंब, पाच नाही.
फवारा झाकणाच्या बरणीत, हवेत नाही,
हवेतलं आपल्याच छातीत येतं.
मग टोकावर बोट ठेव, हलकेच,
म्हणजे हवा उलटी फिरते,
कपात बुडबुडे येतात आणि
लपून बसलेला हिरवा वर येतो.

पहिल्या आठवड्यात मी हेच केलं होतं
कप काठोकाठ भरलेला असताना.
रंगाचा बेरंग म्हणजे काय
ते माझ्या भुवयांना विचारा.
ती हसली नाही. टॉवेल दिला.
म्हणाली, ओस्कारी, दात पण पूस.

नोझल तर तिळाएवढं.
पांढऱ्या कापडावरच उघडायचं, हे ऐकलं होतं,
ऐकलं होतं एवढंच.
अर्धा तास बॅटरी घेऊन आम्ही फरशीवर,
ती गुडघ्यांवर, मी पोटावर,
आणि ते सापडलं
माझ्याच लोकरीच्या मोज्यात, टाचेपाशी.

तेव्हा पालथा झालो आणि वर पाहिलं.
छतावर लाल डाग. नाण्याएवढा, त्याला शेपूट.
तो डाग मला लहानपणापासून ठाऊक होता
असं मला वाटत होतं.
आर्मासकाकांचा ना, मी म्हणालो,
ते धसमुसळे होते म्हणून.

माझा, मावशी म्हणाली.
तीन वर्षं झाली. बोटाने ऐकलं नाही.

कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला,
टाकी भरेपर्यंत खडखडला, थांबला.
शिडी मागच्या भिंतीला उभी आहे.
थिनरही आहे भरपूर.
मी काही विचारलं नाही.

शेवटी सुई. मागूनच काढायची,
सरळ, शेवटपर्यंत सरळ.
पुसायची जाड बाजूकडून टोकाकडे,
उलट पुसशील तर बोट गमावशील,
किंवा सुई, आणि सुई महाग आहे.
टोक वाकलंय का ते डोळ्याला कळत नाही,
नखाला कळतं.

तिने खिशातून हात काढला.
मी सुई तिच्या बोटांत दिली.
अंगठ्याच्या नखावर तिने ती ओढली
आणि पांढरी रेघ उठली, नागमोडी.
सुई वाकलेली होती की हात,
आम्ही दोघांनीही पुन्हा पाहिलं नाही.

टाकाऊ, ती म्हणाली. नवी घे, खालचा खण.

मी नवी बसवली,
स्वच्छ थिनर उडवलं, रंग मिटवला,
हवा दोन श्वास, मग आणखी एक.
जुनीच्या टोकाला तिने
बुचाचा तुकडा टोचला, तिसऱ्या खेपेला,
आणि ती कोटाच्या खिशात टाकली,
हाताबरोबर.